फुटपाथवरच्या माणसाकडे पाहताना : टाटा समाजविज्ञान संस्थेची नव्वद वर्षे

टाटा समाजविज्ञान संस्थेला २०२६ मध्ये नव्वद वर्षे पूर्ण होत आहेत. जिच्या अंगणात ही संस्था वाढली, त्या नागपाडा नेबरहूड हाउसची शंभरीही याच वर्षी भरते. संस्थेचा इतिहास कामगार कल्याण, कुटुंब, तुरुंग, दुष्काळ किंवा भूकंप अशा कोणत्याही बाजूने लिहिता येईल. या लेखात एकच धागा धरला आहे. शहरात राहायला घर नसलेल्या माणसाकडे संस्थेतल्या आणि संस्थेतून बाहेर पडलेल्या समाजकार्यकर्त्यांनी कसे पाहिले आणि त्याच्यासाठी काय केले, हे इथे सांगायचे आहे.

हाच धागा निवडण्यामागे कारण आहे. गृहभेट, कुटुंबाची माहिती, शेजाऱ्यांशी बोलणे, पाठपुरावा ही समाजकार्याची नेहमीची साधने माणसाला घर आहे असे धरूनच चालतात. ज्याला घरच नाही त्याच्याकडे गृहभेटीला जायचे कुठे? पाठपुरावा करायचा तर कोणत्या पत्त्यावर? बेघर माणसासमोर उभे राहिले की समाजकार्याला आपली साधने नव्याने घडवावी लागतात, आणि त्याआधी आपली नजर तपासावी लागते. या नव्वद वर्षांत ती नजर कशी बदलत गेली, याचा हा आढावा.

नागपाडा, १९२६

अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ पासून सुरू होते. शिकागो विद्यापीठात धर्मशास्त्र शिकलेले डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट १९२५ मध्ये या मिशनमार्फत भारतात आले. शहरातल्या गरीब वस्तीत काम सुरू करायचे मिशनने ठरवले होते. त्यासाठी भायखळ्याजवळचे नागपाडा निवडण्यात आले आणि १९२६ मध्ये नागपाडा नेबरहूड हाउस उभे राहिले. मॅन्शार्ट त्याचे पहिले संचालक. लंडनमध्ये १८८४ साली टॉयन्बी हॉल आणि शिकागोत १८८९ साली जेन अ‍ॅडम्स यांचे हल हाउस सुरू झाले होते. कार्यकर्त्याने वस्तीतच मुक्काम करावा, तिथल्या माणसांचा शेजारी व्हावे आणि मग काय करायचे ते ठरवावे, ही त्यांची रीत मॅन्शार्ट मुंबईत घेऊन आले.

नागपाड्याला गिरण्या आणि गोदी दोन्ही जवळ होत्या. मुसलमान, हिंदू, ज्यू, ख्रिस्ती अशी सरमिसळ वस्ती होती आणि कामाठीपुरा लागूनच होता. त्या काळच्या कामकरी मुंबईत घर असणे आणि नसणे यांत फारसे अंतर नव्हते. कोकणातून किंवा घाटावरून आलेला गिरणी कामगार गावकीच्या खोलीत राहायचा आणि खानावळीत जेवायचा. दिवसपाळीचा कामगार उठून गेला की रात्रपाळीहून आलेला त्याच जागी अंग टाकायचा. पावसाळा सोडला तर कित्येक जण चाळीबाहेर रस्त्याच्या कडेलाच पथारी पसरायचे. त्यांना पत्ता होता, पण पाठ टेकायला स्वतःची जागा नव्हती. फुटपाथवर झोपणारा माणूस दिवसा कारखान्यात, गोदीत किंवा बाजारात राबणारा असू शकतो, ही गोष्ट नागपाड्यात रोज डोळ्यांसमोर होती.

शाळा सुरू होते

सर दोराबजी टाटा यांचे १९३२ मध्ये निधन झाले आणि त्याच वर्षापासून त्यांच्या नावाच्या न्यासाचे काम सुरू झाले. न्यासाचा पैसा कोणत्या कामाला लावावा, याचा विचार सुरू असताना मॅन्शार्ट यांनी मुद्दा मांडला की सेवाभाव हवाच, पण तो पुरेसा नाही. कामाचे शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलेली माणसे देशात तयार व्हायला हवीत. यातूनच १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. भारतातली समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाची ही पहिली संस्था. तिचे पहिले वर्ग नागपाड्याच्या त्याच घरात भरले. वर्गाबाहेर पाऊल टाकले की विद्यार्थी थेट वस्तीत पोहोचत असे.

त्या वेळी घातलेली एक पद्धत आजही सुरू आहे. क्षेत्रकार्यावरून, म्हणजे आमच्या भाषेत फील्डवर्कवरून, परतलेला विद्यार्थी त्या दिवसाची नोंद लिहितो : समोरचा माणूस काय बोलला, आपण काय बोललो, तो गप्प का झाला, तेव्हा आपल्या मनात काय आले. पर्यवेक्षक ती नोंद वाचतात आणि समासात खुणा करतात. ‘इथे तुम्ही सल्ला देण्याची घाई केलीत’, ‘त्याने गावाचा विषय काढला होता, तो धागा का सोडलात?’ नव्या विद्यार्थ्याला हे लिहिणे कंटाळवाणे वाटते. पण रस्त्यावर राहणाऱ्या माणसाबरोबर काम करताना त्याचे मोल कळते. अशा माणसाला आजवर हटकणारे, हुसकावणारे आणि फुकटचा उपदेश करणारे भरपूर भेटलेले असतात. त्याचे पुरते ऐकून घेऊन ते जसेच्या तसे लिहून ठेवणारा क्वचितच भेटतो.

मॅन्शार्ट १९४१ मध्ये पायउतार झाले आणि डॉ. जे. एम. कुमारप्पा संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. १९४० मध्ये संस्थेचे ‘इंडियन जर्नल ऑफ सोशल वर्क’ हे नियतकालिक सुरू झाले होते. १९४४ मध्ये संस्थेला आजचे नाव मिळाले, १९५४ मध्ये ती देवनारला आली आणि १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

भिकारी म्हणून पाहण्याचा काळ

चाळीसच्या दशकात बेघर माणूस समाजकार्यापुढे आला तो ‘भिकारी’ या नावाने. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने लाखो माणसे निराधार केली होती आणि महायुद्धाच्या महागाईने शहरातल्या गरिबांचे कंबरडे मोडले होते. कुमारप्पा यांनी संपादित केलेले ‘अवर बेगर प्रॉब्लेम’ हे पुस्तक १९४५ मध्ये निघाले. रस्त्यावर हात पसरणाऱ्या माणसामागे आजारपण, अपंगत्व, म्हातारपण, बेकारी अशी वेगवेगळी कारणे असतात, म्हणून दानधर्माने किंवा नुसत्या बंदोबस्ताने हा प्रश्न सुटणार नाही, अशी मांडणी तेव्हाचे अभ्यासक करू लागले होते. त्या काळाच्या मानाने हे मोठे पाऊल होते. मात्र उपाय सुचवताना भर राहिला तो कायद्यावर आणि संस्थागृहांवर. माणसाला रस्त्यावरून उचलावे, गृहात ठेवावे, काम शिकवावे आणि सुधारून बाहेर सोडावे, हीच त्या पिढीची नजर होती.

मुंबईत १९४५ मध्ये भिक्षेकऱ्यांबाबतचा कायदा झाला आणि त्याची जागा पुढे १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने घेतली. या कायद्यातली ‘भीक मागणे’ची व्याख्या नीट वाचली पाहिजे. गाणे, नाच किंवा कसरत करून पैसे घेणेही तिच्यात येते. इतकेच नाही, तर उदरनिर्वाहाचे उघड साधन नसताना भिकेवर जगत असावा असे वाटेल अशा अवस्थेत सार्वजनिक जागी फिरणारा किंवा थांबणारा माणूसही तिच्यात बसतो. म्हणजे हात न पसरताही माणूस या कायद्याखाली सापडू शकतो. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे गृहात ठेवता येते, पुन्हा पुन्हा सापडल्यास हा काळ दहा वर्षांपर्यंत जातो. मुंबईत झालेला हा कायदा पुढे दिल्लीसह अनेक ठिकाणी लागू झाला किंवा तिथल्या कायद्यांचा नमुना ठरला.

समाजकार्यकर्त्याची जागा या कायद्याच्या आतच आहे. पकडून आणलेल्या माणसाची चौकशी करून परिवीक्षा अधिकारी न्यायालयाला अहवाल देतो : नाव, गाव, वय, नातेवाईक, धंदा, राहण्याचे ठिकाण. शेवटच्या रकान्यात ‘काही नाही’ असे लिहिले की माणसाचे पुढचे वर्ष कुठे जाणार, हे बऱ्याच अंशी ठरून जाते. तोच अधिकारी थोडे अधिक विचारून, हा माणूस रोज सकाळी नाक्यावर उभा राहून बिगारीचे काम करतो, असे लिहू शकतो. त्या एका ओळीने माणूस सुटू शकतो. अहवाल एकच, रकाने तेच. फरक पडतो तो विचारणाऱ्याच्या नजरेने.

१९८१ ते १९८५ : मोजणाऱ्यांनी बदललेले चित्र

जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईतल्या फुटपाथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याची घोषणा केली. पत्रकार ओल्गा टेलिस, नागरी हक्कांसाठी लढणारे कार्यकर्ते आणि खुद्द फुटपाथवर राहणारी माणसे न्यायालयात गेली. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १० जुलै १९८५ रोजी निकाल दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, असे या निकालाने स्पष्ट केले, कारण माणूस फुटपाथवर राहतो तो काम जवळ असते म्हणून. मात्र रीतसर नोटीस देऊन हटवण्याचा महापालिकेचा अधिकार न्यायालयाने कायम ठेवला. १९७६ च्या गणनेत ओळखपत्र मिळालेल्यांना पर्यायी जागा द्यावी आणि पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, कोणाला हटवू नये, असे आदेश दिले. तत्त्व जिंकले, पण डोक्यावरची टांगती तलवार गेली नाही.

या घडामोडींच्या मध्यभागी पुन्हा नागपाडाच होते. आपल्या संस्थेच्या विद्यार्थिनी शीला पटेल नागपाडा नेबरहूड हाउसमध्ये काम करत होत्या. भोवतालच्या फुटपाथवरच्या बायका मदत मागायला तिथे येत. त्यांचे प्रश्न ठरावीक कल्याण कार्यक्रमांत बसत नाहीत, हे जाणवल्यावर शीलाताई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये ‘स्पार्क’ ही वेगळी संस्था काढली. पुढच्याच वर्षी स्पार्कने भायखळ्याच्या ई वॉर्डातल्या आणि शहरातल्या मोठ्या रस्त्यांवरच्या फुटपाथवासीयांची गणना केली. सहा हजारांहून अधिक कुटुंबांची माहिती जमा झाली. अहवालाचे नाव होते ‘वुई, द इन्व्हिजिबल’, आणि त्याने अनेक समज मोडून काढले. फुटपाथवरची माणसे चार दिवसांची पाहुणी नव्हती, कित्येक जण वर्षानुवर्षे तिथेच राहत होते. ती राबत होती, शहराची स्वस्तातली कामे करत होती, आणि आली होती ती देशाच्या अतिगरीब जिल्ह्यांमधून.

या कामातली एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. १९८६ मध्ये फुटपाथवरच्या बायकांचे ‘महिला मिलन’ उभे राहिले. जोकिन अर्पुथम यांचा राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ त्यांच्या सोबतीला होता. बायकांनी रोजची बचत सुरू केली. एक जण दारोदार, म्हणजे पथारी-पथारीवर जाऊन एक-दोन रुपये गोळा करायची. बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून प्रत्येकीच्या पिशवीत रंगीत कागदाचे तुकडे ठेवले जात. एकेका रंगाची एकेक रक्कम ठरलेली असे आणि त्यावरून हिशेब लागायचा. पुढे आपले घर कसे असावे याचा आराखडाही याच बायकांनी केला. चौदा फूट उंची, आत पोटमाळा, वर झोपायला आणि सामानाला जागा, खाली चूल आणि वावरायला मोकळी जागा. त्या नमुन्याचे खऱ्या आकाराचे घर त्यांनी भायखळ्यात उभे करून लोकांना दाखवले. घर कधी लाभले नव्हते त्या बायकांनी घराची मापे सांगितली आणि वास्तुरचनाकारांनी ती ऐकून घेतली. १९९५ नंतरच्या पुनर्वसन धोरणात फुटपाथवासीयही पात्र ठरले, आणि पुढे भायखळ्याच्या रस्त्यांवरची कुटुंबे मानखुर्दच्या मिलन नगरात स्वतःच्या घरी गेली.

‘सुधारायचा माणूस’ ही जुनी नजर इथे मोडली. ती मोडली माणसे मोजल्यामुळे, त्यांच्याशी बोलल्यामुळे आणि निर्णय त्यांच्या हाती दिल्यामुळे.

दहा-नऊ-आठ आणि कोशिश

रस्त्यावरच्या मुलांचा प्रश्न वेगळा होता. रेल्वे फलाटावर उतरलेल्या मुलाला मध्यरात्री कोणाला तरी हाक मारता यावी, म्हणून १९९६ मध्ये संस्थेच्या क्षेत्रकृती प्रकल्पातून जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने चाइल्डलाइन सुरू झाली. १०९८, पोरांच्या तोंडी बसणारे ‘दस-नौ-आठ’, हा क्रमांक पुढे देशभर गेला. मुंबईतल्या रस्त्यावरच्या मुलांची गणना संस्थेने अ‍ॅक्शनएडबरोबर केली; २०१३ च्या त्या अहवालात ३७,०५९ मुलांची नोंद आहे. त्यांतली बरीचशी मुले घरातून पळून आलेली नव्हती, कुटुंबासोबतच रस्त्यावर राहत होती. म्हणजे मुलाला घरी परत पाठवा हा उपाय त्यांच्या कामाचा नव्हता. घर द्यायचे तर अख्ख्या कुटुंबाला द्यायला हवे होते.

२००६ मध्ये संस्थेचा ‘कोशिश’ हा प्रकल्प सुरू झाला. देवनारपासून चेंबूरचे भिक्षेकरी गृह जवळच. कोशिशचे कार्यकर्ते गृहाच्या आत गेले आणि प्रत्येकाला विचारू लागले : तुला कुठे पकडले? त्या दिवशी कामावर होतास का? काय काम येते? घरी कोण आहे? कोणाच्या हातात कला होती, कोणी हॉटेलात भांडी घासत होता, कोणाला आजारपणाने रस्त्यावर आणले होते. काम मिळवून देणारे मालक शोधणे, कुटुंबाचा माग काढणे, सुटका झाल्यावरही सोबत राहणे, असे हे काम वाढत गेले आणि मुंबईबाहेर दिल्ली व बिहारमध्येही पोहोचले.

बिहारमधल्या निवारागृहांची सामाजिक तपासणी कोशिशने २०१७-१८ मध्ये केली. ११० संस्थांना भेटी देऊन तयार केलेल्या त्या अहवालाने मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातला भयंकर अत्याचार उघडकीला आणला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०२० मध्ये दोषींना शिक्षा झाली. चार भिंती आणि छप्पर दिले म्हणजे काम संपले असे समजणाऱ्या प्रत्येकाने हा अहवाल वाचावा. बंद दारामागचा निवारा रस्त्यापेक्षाही धोक्याचा ठरू शकतो. आत जाऊन मुलींशी निवांत, विश्वासाने बोलणारा प्रशिक्षित माणूस असेल तरच ते बाहेर येते.

कायद्याच्या बाजूनेही हालचाल झाली. हर्ष मंदर आणि कर्णिका साहनी यांच्या याचिकांवर ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने मुंबईच्या १९५९ च्या कायद्यातली, भीक मागणे गुन्हा ठरवणारी कलमे दिल्लीपुरती रद्द केली. ज्या राज्याच्या राजधानीत हा कायदा जन्मला, त्या महाराष्ट्रात तो आजही लागू आहे. संस्थेच्या इतिहासात हे अपुरे राहिलेले काम म्हणून नोंदले पाहिजे.

निवारा : हक्क आणि हिशेब

२००९-१० च्या थंडीत दिल्लीत रस्त्यावर माणसे मेली, तेव्हा अन्न हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवाऱ्याचा प्रश्न हाती घेतला. लाख लोकवस्तीमागे शंभर माणसांचा, बारा महिने, दिवसरात्र चालणारा एक निवारा हे सूत्र तिथून रुजले. २०१३ पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी निवारा योजना आली. तिच्यात माणशी किमान पन्नास चौरस फूट जागेची अपेक्षा होती.

२०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री फुटपाथ, फलाट, उड्डाणपुलाखालच्या जागा, मोठे पाइप आणि देवळांचे मंडप धुंडाळून बेघर मोजले गेले. देशात १७ लाख ७३ हजार, त्यांपैकी शहरांत ९ लाख ३८ हजार, आणि महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक. एका रात्रीत मोजलेला हा आकडा कमीच असणार, हे फील्डवर्क केलेल्या कोणालाही कळते. रात्रपाळीला गेलेला हमाल, पोलिसांच्या भीतीने आडोशाला गेलेली बाई, त्या रात्री दवाखान्याच्या आवारात पडलेला म्हातारा मोजणीत येत नाही. तरी मुंबईची सव्वा कोटी लोकवस्ती धरली तर सूत्राप्रमाणे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. प्रत्यक्षात आहेत ते त्याहून कितीतरी कमी.

निवारा का रिकामा राहतो, हेही आमच्या विद्यार्थ्यांनी शिकून घेतले. तो कामाच्या नाक्यापासून लांब असतो. नवरा-बायको-मुलांना एकत्र राहता येत नाही. हातगाडी किंवा भंगाराचे पोते ठेवायला जागा नसते. या गोष्टी बांधणीआधी विचारल्या तर निवारा भरतो. आणि निवाऱ्याचा पत्ता रेशनकार्डाला, आधारला, बँकेच्या खात्याला चालला, तर तो निवारा माणसाला पुढे घेऊन जातो.

गोंदिया, बिरसी आणि पुढचे काम

हे सगळे मुंबईपुरते नाही. या लेखकाचा गोंदिया जिल्हा मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या सीमेवर आहे. २०११ च्या मोजणीत गोंदिया शहराची लोकवस्ती एक लाख बत्तीस हजारांच्या पुढे होती, म्हणजे निवाऱ्याचे सूत्र आम्हालाही लागू होते. मुंबई-हावडा मार्गावरचे हे मोठे जंक्शन आहे. धानाची कामे आटोपली की इथून आणि शेजारच्या जिल्ह्यांतून मजूर नागपूर, रायपूर, हैदराबादकडे निघतात. महानगरात जो बेघर म्हणून दिसतो, त्याची वाट अशाच फलाटावरून सुरू झालेली असते. तुळजापूरला संस्थेचे ग्रामीण केंद्र उभे राहिले ते याच जाणिवेतून : शहराचा प्रश्न गावाकडूनही हाताळावा लागतो.

गोंदिया तालुक्यातले बिरसी त्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी इथे धावपट्टी बांधली. पुढे विमानतळाचा विस्तार झाला, वैमानिक प्रशिक्षण आले आणि २०२२ मध्ये प्रवासी विमानेही उतरू लागली. जिल्ह्याला त्याचा अभिमान आहे आणि तो असावाच. पण विस्तारात घर-जमीन गेलेल्या कुटुंबांना पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे मागणी लावून धरावी लागली. घर जाणे आणि नवे घर मिळणे यांत वर्षे गेली की कुटुंब मोडते. मुले शाळेतून गळतात आणि तरुण आधी शहर गाठतात. मुंबईतल्या रेल्वेमार्ग आणि रस्त्यांच्या प्रकल्पांतून हलवलेल्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचा अभ्यास संस्थेने केला आहे. नवी वसाहत कामापासून किती लांब आहे, शाळा-दवाखाना आधी आला की माणसे आधी आली, बायकांच्या रोजगाराचे काय झाले, हे तिथे विचारलेले प्रश्न बिरसीलाही तसेच विचारता येतात. विस्थापनाच्या दिवशीच हे प्रश्न विचारले, तर उद्याचा एक बेघर आज वाचतो.

म्हणून नव्वदीच्या टप्प्यावर संस्थेकडे माझ्या पिढीच्या वतीने तीन गोष्टी मागाव्यात असे मला वाटते. पहिली, महाराष्ट्रातला १९५९ चा कायदा बदलण्यासाठी अभ्यास आणि पाठपुरावा सुरू ठेवावा. दुसरी, लाख-दीड लाख वस्तीच्या गोंदियासारख्या शहरांतल्या बेघरांची गणना स्थानिक समाजकार्य महाविद्यालयांना सोबत घेऊन करावी. विदर्भात असे शिक्षण देणारी महाविद्यालये आहेत, तिथे शिकलेली तरुण मुले-मुली आहेत, त्यांना हे काम हवे आहे. तिसरी, निवारा असो वा पुनर्वसन वसाहत, आराखड्याच्या पहिल्या बैठकीत तिथे राहणारी माणसे हजर असतील, हा आग्रह सोडू नये.

मॅन्शार्ट यांनी वस्तीत घर घेऊन सुरुवात केली, महिला मिलनने घराची मापे स्वतः सांगितली, कोशिशने बंद गृहांची दारे उघडून आतल्या माणसांना विचारले. या तिन्ही वेळी आधी जवळ जाणे होते, मग मोजणे आणि मग मागणे. संस्थेने पुढच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हाच क्रम शिकवावा, आणि त्याला पहिल्या वर्षातच एखाद्या रात्री स्टेशनच्या फलाटावर, वही घेऊन, ऐकायला पाठवावे.